बोळकं बोलकं करताना : एका हातबाहुलीच्या तोंडाचं प्रकरण

दिग्दर्शकांनी बाहुलीबद्दल तीनच गोष्टी सांगितल्या. आजी आहे. तोंडाचं बोळकं झालेलं आहे. आणि नाटकभर ती बोलते थोडं, गप्प जास्त बसते.

पहिल्या दोन गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या. तिसरी पात्राच्या स्वभावाची, ती बाहुली चालवणारीने बघायची, असं धरून पुढे गेले. नंतर जे काही चुकत गेलं ते या एका समजुतीमुळे. गप्प बसणं हेही तोंडाचंच काम आहे आणि बोलण्यापेक्षा ते तोंड ज्याचं करतो त्या साहित्याकडून कितीतरी जास्त मागतं. हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कारण "तोंडासाठी कुठलं मटेरियल चांगलं?" या प्रश्नापाशी बाहुल्या करणारे बरेच जण अडकतात. मीही अडकले होते. तो प्रश्न अर्धाच आहे.

आजीकडून काय हवं होतं

प्रयोग 40 मिनिटांचा आणि बाहुली जवळजवळ सगळा वेळ हातावर. शेवटची रांग साधारण 12 मीटरवर. आजीने बोलायचं होतं, म्हणजे प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटलेले दिसायला हवेत. पण त्याखेरीज तिने ओठ आत ओढून बसायचं होतं, दात नसलेली माणसं बसतात तसं. एका बाजूचा कोपरा खाली ओढून रुसायचं होतं. तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळत राहायचं होतं. आणि शेवटच्या प्रवेशात रडू फुटायच्या आधी वरचा ओठ नुसता थरथरायला हवा होता, तोंड न उघडता.

एक अट बाहुली चालवणारीकडून आली. तिला फुगे फुगवले की ओठांना खाज सुटते आणि रबरी हातमोज्यांनी हातावर पुरळ उठतं. म्हणजे लेटेक्स बाद. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, आणि त्यातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी काही जणांना होते. ती नुसत्या खाजेवर थांबेल याची खात्री नसते, कधी श्वासापर्यंत जाते. त्यामुळे "अस्तर लावू, हाताला लागणार नाही" असली तडजोड मी मनातसुद्धा आणली नाही. द्रव लेटेक्स गेलं, लेटेक्स फोम गेला, चपलाबुटांना लावतात त्यातलं नैसर्गिक रबराचं सोल्यूशन गेलं, आणि ज्या इलॅस्टिकच्या आत नैसर्गिक रबराचा दोरा असतो तेही गेलं. निओप्रीन आणि नायट्राइल ही कृत्रिम रबरं, सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन फोम यांत ती प्रथिनं नसतात. यादी तिथेच आटोपशीर झाली.

साहित्याला हात लावायच्या आधी मी तिचा हात मोजला. चार बोटं वर, अंगठा खाली, अशी चोच करून हात कागदावर आडवा ठेवायचा आणि बाजूने रेघ मारायची. मग मुठीच्या उंचवट्यांची रुंदी. मग हात न ताणता अंगठा आणि बोटं किती फाकतात ते. तिच्या बाबतीत रुंदी साडेसात सेंटिमीटर आणि फाक नऊ. तोंड याच्याहून फार मोठं केलं की बोटांची टोकं ओठांपर्यंत पोचत नाहीत. मग साहित्य कितीही मऊ घ्या, त्याला वळवणारं तिथे कुणीच नसतं. पहिल्यांदा बाहुली करणाऱ्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच : चेहरा मोठा म्हणून तोंड मोठं.

पहिलं तोंड : गॅस्केट रबर

जबड्याच्या आतल्या घडीच्या पाटीला आम्ही प्लेट म्हणतो. तालमीपुरती प्लेट मी नेहमी पुठ्ठ्याची करते. झटकन कापता येते, चुकली तर फेकता येते. पण हाताच्या घामाने पुठ्ठा चार-सहा दिवसांत लोळागोळा होतो, म्हणून खरी प्लेट पुठ्ठ्याची नको. पातळ प्लॅस्टिक शीट टिकते, पण मिटताना टक् असा आवाज करते. माइक जवळ असेल तर प्रेक्षकांना आजीच्या शब्दांच्या आधी तो टक् ऐकू जातो.

म्हणून 3 मिलिमीटरचं निओप्रीन गॅस्केट रबर. यंत्रांच्या सांध्यांत गळती थांबवायला जे शीट घालतात तेच. वाकवलं की वाकतं, सोडलं की परत येतं, घडीवर तडकत नाही. एका लंबगोल तुकड्याला मधोमध घडी घातली की जबडा तयार. वरून फोमचे ओठ, त्यावर फ्लीस, म्हणजे लव असलेलं मऊ, ताणलं जाणारं कापड.

बोलण्यात हे तोंड उत्तम निघालं. चाचणीचं माझं एक ठरलेलं वाक्य आहे : "बापू, माझी पिशवी मामीपाशी ठेव." यात सात ठिकाणी ओठ मिटावे लागतात आणि घाईत म्हटलं की कच्चं तोंड लगेच उघडं पडतं. गॅस्केटचं तोंड सातही ठिकाणी मिटलं. खालचा जबडा अंगठ्याने नेमका पडत होता. बाहुली बोलते ती खालच्या जबड्याने. वरचा जबडा बोटांनी उचलला की डोकं मागे उलटतं आणि बाहुली प्रत्येक अक्षराला छताकडे बघते. नव्या हातांना हे शिकवायला वेळ लागतो. हिला शिकवावं लागलं नाही.

मग तिने संवाद संपवून आजीला गप्प बसवलं आणि आम्ही दोघी आरशात बघत राहिलो.

"ताई, आजी गप्प बसत नाहीये," ती म्हणाली. "तिचं तोंड बंद झालंय, एवढंच."

खरंच तसंच होतं. दोन कडक कडा एकमेकींवर टेकल्या होत्या. पेटीचं झाकण लावावं तशा. रुसलेली नाही, थकलेली नाही, बंद.

मी पहिला उपाय केला तो कुणीही करेल असाच : रबर पातळ घेतलं. 3 ऐवजी 1.5 मिलिमीटर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शीटचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा निम्मा होत नाही, एक-अष्टमांश होतो. 3 मिलिमीटरचं तोंड कडक होतं, 1.5 चं एकदम लुळं. अंगठा मधोमध दाबला की मधला भाग फुगायचा आणि दोन्ही कोपरे उघडे राहायचे. आता आजी "बापू"सुद्धा धड म्हणेना. एकाच शीटमधून बोलणं आणि गप्प बसणं दोन्ही काढायचं तर मधली एखादी जाडी सापडेल असं वाटून मी 2 मिलिमीटरही करून पाहिलं. ते दोन्ही कामं थोडी थोडी वाईट करत होतं.

ईव्हीए फोमच्या शीटचाही एक तुकडा वाकवून पाहिला. उष्णता देऊन त्याला छान आकार देता येतो, पण एकदा घडी पडली की ती रेघ त्याच्या अंगावर राहते. रोज शेकडो वेळा मिटणाऱ्या ओठाला ते चालणार नव्हतं. मेमरी फोममध्ये मात्र माझा जीव अडकला होता, कारण तो दाबल्यावर सावकाश परत येतो आणि आजीच्या ओठांना तो मंदपणा शोभून दिसत होता. पण तो तापमानावर फार अवलंबून. हाताच्या उबेने मऊ पडतो, थंड सभागृहात घट्ट होतो. एकाच संध्याकाळी आजी दोन वेगळ्या वयांची वाटली असती.

दुसरं तोंड : सिलिकॉन

सुरकुतलेले, ओलसर वाटणारे, माणसाच्या कातडीसारखे ओठ डोळ्यांसमोर होते, आणि तसे ओठ सिलिकॉनच देतं. मी मातीत ओठ घडवले, एकेक सुरकुती कोरली, साचा घेतला आणि प्लॅटिनम प्रकारचं सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी साचा उघडला तर आतला भाग घट्ट आणि वरचा थर चिकट. बोटाला तार येत होती. आणखी एक दिवस ठेवलं. तसंच.

कारण मातीत होतं. पुष्कळ मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं, आणि प्लॅटिनम सिलिकॉन घट्ट व्हायला जे उत्प्रेरक लागतं ते गंधकाच्या स्पर्शाने निकामी होतं. मातीचा अंश साच्यात राहिला होता. लेटेक्सचे हातमोजे घालून मिश्रण ढवळलं तरी हेच होऊ शकतं, आणि कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या सिलिकॉनचा संपर्क आला तरीही. त्या दुसऱ्या प्रकाराला गंधकाचा एवढा त्रास नसतो, पण तो घट्ट झाल्यावर थोडा आकसतो आणि वर्षं गेली की त्याचा दम लवकर सुटतो. मी गंधक नसलेली माती घेऊन सगळं पुन्हा केलं.

दुसऱ्या खेपेचे ओठ अप्रतिम झाले. मऊपणा शोअर 00 मापावर 30. रबराची कठीणता शोअर मापांत सांगतात. गाडीच्या टायरसारख्या रबराला शोअर ए हे माप, आणि त्याहून पुष्कळ मऊ वस्तूंना 00. 00-30 म्हणजे फारच नरम. बोटाने दाबलं की ओठ आत जायचा, सोडलं की कातडीसारखा परत यायचा. मी ते टेबलावर ठेवून बराच वेळ नुसती बघत बसले होते.

हातावर चढवल्यावर चित्र पालटलं. सिलिकॉन पाण्याहून किंचित जड असतं. बाहुल्यांना वापरतो तो फोम घनमीटरला 20 ते 30 किलोचा, म्हणजे तेवढ्याच आकाराला सिलिकॉनच्या पासंगालाही पुरत नाही. हे वजन बोटांच्या अगदी टोकाला येत होतं. दहा मिनिटांत तिचा अंगठा भरून आला आणि आजीचा खालचा ओठ लोंबायला लागला. एवढं नरम सिलिकॉन कडेला लवकर फाटतंही. त्याला सिलिकॉनखेरीज काही चिकटत नाही, म्हणून फ्लीसशी जोडायला ओततानाच कडेत ताणणारी जाळी बुडवून ठेवावी लागते, आणि मग ती जाळी कापडाला शिवायची. तेही केलं. पण दिवे लागले की ओठ चकाकायचे. आणि ज्या सुरकुत्यांवर मी रात्री घालवल्या होत्या त्या चौथ्या रांगेपासून पुढे दिसत नव्हत्या.

कॅमेऱ्यासमोर, चेहरा पडदाभर दिसणार असता, तर मी सिलिकॉनच घेतलं असतं आणि वजनाची काहीतरी तजवीज केली असती. रंगमंचावर 12 मीटरवरून माणसाला सुरकुती दिसत नाही, सावली दिसते. ओठ आत गेला की तिथे एक काळी रेघ पडते, कोपरा खाली आला की ती रेघ वाकते. आजीचा सगळा भाव त्या एका रेघेत होता. हे कळल्यावर सिलिकॉनचा मोह सुटला. पण ते तोंड मी जपून ठेवलं आहे.

तिसरं तोंड, आणि गोंदाने केलेला घात

पुन्हा पॉलियुरेथेन फोमकडे आले. ओठ 12 मिलिमीटरच्या फोमचे, बाहेर फ्लीस, आत गडद मरून रंगाचं न चमकणारं कापड, मागे 2 मिलिमीटरचं गॅस्केट रबर. सगळं आधी टाचण्यांनी अडकवून पाहिलं. ती हात घालून बसली आणि एक शब्दही बोलायच्या आतच आजी जिवंत झाली. ओठ आत गेले, कोपरा पडला, चघळणं जमलं. मी खूश होऊन रात्री सगळं चिकटवलं. आतून बाहेरून, एकही कोपरा न सोडता, नीटनेटकं.

सकाळी तिने हात घातला आणि माझ्याकडे बघितलं. आजी पुन्हा पेटीच्या झाकणासारखी झाली होती.

फोम तोच, कापड तेच, रबर तेच. प्रत्येक तुकडा सुटा हातात घेतला तर मऊ. मग ताठपणा आला कुठून? या प्रश्नाचं उत्तर मला एका वहीने दिलं. शंभर पानी वही हातात घेऊन वाकवा. सहज वाकते, कारण वाकताना पानं एकमेकांवरून सरकतात. तीच पानं एकमेकांना गोंदाने चिकटवा आणि वाकवा. फळी. कागद बदललेला नाही, फक्त सरकणं बंद झालंय.

तोंडाचं तेच झालं होतं. फोमच्या एका अंगाला फ्लीस आणि दुसऱ्या अंगाला अस्तर पूर्ण चिकटवलं की ओठ आत वळताना बाहेरच्या कापडाला ताणावं लागतं आणि आतल्याला आकसावं लागतं. अस्तराचं विणलेलं कापड ताणलं जात नाही, आकसायला त्याला जागा नाही. दोन पातळ थर आणि मधे हलका फोम ही रचना मुळात ताठपणासाठीच वापरतात. हलके दरवाजे आणि विमानांच्या फळ्या अशाच करतात. मी नकळत आजीच्या ओठाची तशी फळी केली होती. त्यात भर म्हणजे फोमच्या उघड्या छिद्रांत गोंद मुरला होता आणि वाळून त्याचं स्वतःचं एक कातडं तयार झालं होतं. बोटाने चाचपलं तर ते वेगळं लागत होतं, सालीसारखं.

त्या दिवसापासून मी गोंदाला साहित्याच्या यादीत धरते. कापड घ्यायच्या आधी दोन बोटं रुंद तीन पट्ट्या करून पाहते : एक टाचलेली, एक शिवलेली, एक पूर्ण चिकटवलेली. तिन्ही पट्ट्या ओठाच्या जागी ठेवून आत ओढून पाहायच्या. पाच मिनिटांचं काम आहे. ग्लू गनची पट्टी तर करायलाच हवी, कारण गरम असताना ती सोयीची वाटते आणि गार झाली की घडीवर कडक रेघ ठेवते, मग काही दिवसांनी तिथूनच सुटते. झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद तर कापडाला काचेसारखा ताठ करतो. तोंडाच्या आसपास तो आणूच नये.

चौथं तोंड : जे आजही वापरात आहे

या वेळी मी तोंड हे एक काम धरलंच नाही. बोलणं अंगठ्याचं, म्हणजे खालच्या जबड्याचं. भाव चार बोटांचा, म्हणजे वरच्या ओठाचा. मग दोन्ही जबडे एकसारखे कशाला करायचे?

खालच्या जबड्याला 3 मिलिमीटरचं गॅस्केट रबर ठेवलं, थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत. बोलताना ते कडक हवंच. वरच्या जबड्याला 2 मिलिमीटरचं, पण फक्त घडीपासून बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंत. त्यापुढे कडक असं काहीच नाही, 6 मिलिमीटरचा फोम आणि कापड. रबर जिथे संपतं तिथे पायरी राहिली तर ओठ नेमका तिथेच मोडतो, म्हणून शेवटचा एक सेंटिमीटर रापीने तासून कागदासारखा पातळ केला. चांभार चामड्याची कड तासतात तसा हात लागतो, घाई केली की रबर कुरतडलं जातं.

रबराच्या दोन पाट्या वेगळ्या ठेवल्या आणि मधे सुती ट्विलची नाडी शिवून बिजागरी केली. दोन कडांमध्ये 4 मिलिमीटरची फट. अखंड रबराची घडी स्वतः उघडायला बघते आणि मिटून ठेवायला अंगठ्याला सतत जोर लावावा लागतो. जी आजी जास्त वेळ गप्प बसते तिच्यासाठी ते उलटं आहे. कापडी बिजागरीला स्वतःचं मत नसतं.

वरचा ओठ रिकामा ठेवायचं धाडस मला एका जुन्या उदाहरणामुळे झालं. अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सनने 1955 मध्ये केलेला पहिला कर्मिट (पुढे बेडूक म्हणून गाजलेली त्याची हातबाहुली) आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा होता, डोळे म्हणजे पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे. चेहऱ्यात भरण जवळजवळ नाही, कापडाच्या आत लगेच हात. त्यामुळे मुठीची उंची-सखलता चेहऱ्यावर उमटते आणि बोटं नुसती आत ओढली तरी तो खंतावलेला दिसतो. मऊपणा कापडात होताच, पण भाव येतो तो आतली बोटं ओठापर्यंत पोचतात म्हणून.

बोटं पोचावीत म्हणून मी वरच्या ओठाच्या फोममध्ये दोन खोळी केल्या, एक तर्जनीसाठी आणि एक करंगळीसाठी. मधली दोन बोटं प्लेटवर. तर्जनी वाकवली की आजीचा डावा कोपरा खाली येतो, करंगळी वाकवली की उजवा. दोन्ही एकदम आत घेतली की बोळकं. थरथर हवी तेव्हा ती मधली बोटं प्लेटवर रोवते आणि बाकीची दोन किंचित हलवते. जबडा हलत नाही, ओठ थरथरतो. ओठ वळताना फोमची गुठळी होऊ नये म्हणून आतल्या बाजूने व्ही आकाराच्या चिरा दिल्या, अर्ध्या जाडीपर्यंत.

कापडाच्या दिशेकडे बरेच जण बघत नाहीत. फ्लीस एका दिशेने जास्त ताणलं जातं. ती ताणाची दिशा मी ओठांच्या रेघेला काटकोनात ठेवली, म्हणजे चेहऱ्याकडून तोंडात जाणारी. ओठ आत ओढताना कापड त्याच दिशेने जातं. उलटं लावलं असतं तर ओठ आत गेला नसता आणि कडेला मात्र लाटा आल्या असत्या.

अस्तर वेगळं शिवलं, पिशवीसारखं, दीड सेंटिमीटर ढिलं. ते मागे बिजागरीपाशी आणि पुढे ओठांच्या कडेला फक्त टाक्यांनी धरलं आहे, मधे मोकळं. कोपऱ्यांत एकेक छोटी कळी घातली, बगलेत घालतात तशी. कळी नसेल तर तोंड पूर्ण उघडताना कोपरे ताणून चेहरा ओढला जातो, आणि मिटताना तिथेच कापडाचा बोळा होतो. चौथ्या तोंडातलं सर्वांत छोटं कापड हेच, आणि मला विचाराल तर सर्वांत कामाचंही.

गोंद उरला तो एकाच जागी : प्लेट आणि फोम यांच्यामध्ये, बिजागरीपासून तीन सेंटिमीटरपर्यंत. निओप्रीनवर आधारलेला कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह, दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायचा. खिडक्या उघड्या आणि तोंडावर सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज असलेला मास्क. साधा धुळीचा मास्क या वाफा अडवत नाही, आणि डोकं दुखायला लागल्यावर उठून बाहेर जाणं म्हणजे उशीर झालेला असतो. बाकी सगळा धागा. फ्लीसच्या लवेत टाका बुडतो, बोटाच्या नखाने लव वर ओढली की शिवण दिसेनाशी होते.

हाताच्या बाजूला प्लेटवर स्वेडचं पातळ चामडं लावलं. घामेजलेलं बोट रबरावरून घसरतं, स्वेडवर धरून राहतं.

चाचणी

दिग्दर्शक शेवटच्या रांगेत जाऊन बसले. आधी "बापू, माझी पिशवी मामीपाशी ठेव." सातही ठिकाणी मिटलं, गॅस्केटच्या पहिल्या तोंडाइतकं टोकदार नाही, पण ऐकणाऱ्याला शंका येणार नाही इतकं. हा तोटा मी जाणूनबुजून पत्करला होता. वरचा ओठ मऊ केला की प आणि ब ची धार थोडी जातेच. पुढच्या तालमींत तिने त्यावर आपला तोडगा काढला : या अक्षरांच्या आधी ती मनगट केसभर पुढे नेते, आणि मिटणं जास्त ठाशीव दिसतं.

मग गप्प. तिने काहीच केलं नाही, फक्त दोन बोटं आत घेतली. मागून आवाज आला, "कशावर रागावल्यात त्या?"

नाटकात त्या जागी रागाचं कारण लिहिलेलं नव्हतं. पुढच्या तालमीत दिग्दर्शकांनी आजीची दोन वाक्यं कापली आणि तिथे ही शांतता ठेवली.

वापरात काय झिजलं

पहिल्या काही प्रयोगांतच तर्जनीची खोळ फाटली. फोम मधून तुटत नाही, पातळ कडेपासून चिरत जातो. आता दोन्ही खोळींना आतून ताणणाऱ्या जाळीचं अस्तर आहे. कळीची शिवणही एकदा उसवली, ती दुहेरी केली.

फोम कायमचा नाही. उजेड आणि हवेने तो पिवळा पडतो, मग दाबला की चुरा होतो. म्हणून वरचा ओठ मी सुटा ठेवला आहे, फक्त टाक्यांनी धरलेला. कागदी नमुना जाड कार्डावर उतरवून त्यावर ताणाची दिशा बाणाने दाखवली आहे आणि चिरांच्या जागा टोचून ठेवल्या आहेत. अर्ध्या दिवसात नवा ओठ कापून शिवता येतो. बाहुली ठेवताना तोंडात मऊ कागदाचा बोळा घालून ते अर्धवट उघडं ठेवायचं, कारण आठवडाभर दाबून मिटलेला फोम त्याच आकारात बसतो. उन्हाच्या खिडकीपाशी तर ठेवायचीच नाही.

आजी आता दुसऱ्या ओठांवर आहे आणि तिसरे कापून तयार आहेत. डावी बाजू उजवीच्या आधी जाते, कारण रुसताना चालवणारीची तर्जनीच पुढे होते, करंगळी क्वचित. तिसऱ्या ओठांत डाव्या खोळीला जाळीचा दुसरा थर घातला आहे. तो लावताना गोंदाची बाटली टेबलावरच नव्हती.